धाकू घाग यांची हजेरी

गिरणी कामगारांच्या घराच्या अर्जाला पुरावा हवा म्हणून मी आईला घेऊन अभिलेखागारात आले होते. तिथल्या बाईंनी गिरणीचं जुनं ओळखपत्र पुढ्यात ठेवलं आणि आईनं आधी पदरानं त्यावरची धूळ पुसली. फोटो बाबांचाच होता, गळ्यातली तुळशीची माळसुद्धा दिसत होती. खाली नाव मात्र धाकू घाग नव्हतं, अर्जुन पाष्टे होतं.

"हे नाव माझ्या भावाचं," आई म्हणाली. "तो तापानं गेला, पोरं लहान. मग हेच त्याच्या नावावर साच्यावर कापड विणायला उभे राहिले. दोन्ही घरांच्या चुली त्यावर चालल्या."

"कळतंय हो आजी," बाई म्हणाल्या. "पण धाकू घाग या नावाचा एकही कागद इथं नाही. आणि याच कार्डावर पाष्ट्यांच्या मुलांना गिरणी कामगाराचं घर मिळालंय."

मी कार्ड उलटून पाहिलं.

आईनं फोटोवर बोट ठेवलं. मग तिनं बाईंना हळूच विचारलं, "गिरणीतल्या कीर्तनात हे टाळ धरायचे. तिथं बुवा यांना धाकू म्हणूनच हाक मारायचे. ती हजेरी कुठं ठेवतात?"