नऊ नंबरची खाट

“या खाटेची ओळ कुणीतरी उघडून ठेवलीय,” काउंटरवरची बाई कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाली. “नऊ नंबरची खाट रिकामी दिसतेय, पण मला नाव घालता येत नाही.”

लहान मुलांच्या वॉर्डात ऑक्सिजनची तेवढी एकच खाट उरली होती. सासूबाईंच्या खांद्यावर सात महिन्यांची पोर धापा टाकत होती. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता, आणि तिची आई ते खळगे मोजत उभी होती.

“हिला तपासलं ते मघाचे डॉक्टर कुठे गेले?” तिने विचारलं.

“खाटेचं बघतो म्हणाले आणि गेले,” सासूबाई म्हणाल्या. “बघतो म्हणणारे बघतच राहतात.”

पोरीच्या आईने मान वाकडी करून पडदा वाचला. ‘ही ओळ तिसऱ्या मजल्यावर उघडी आहे. बंद होईपर्यंत बदल करता येणार नाही.’

वाक्य तिनेच लिहिलेलं होतं. हॉस्पिटलचा हा प्रोग्राम तयार कोडच्या ज्या लायब्ररीवर चालायचा, ती तिच्याच ऑफिसात बनली होती. बदल करायला ज्याने ओळ उघडली, त्याने सोडेपर्यंत ती त्याची. बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. हा नियम तिने मीटिंगमध्ये भांडून मंजूर करून घेतला होता. “अगं, माणूस ओळ उघडतो आणि चहाला जातो,” तिथले सीनियर, अण्णा, तेव्हा म्हणाले होते. “काही मुदत तरी घाल.” तिने घातली नव्हती.

“तिसऱ्या मजल्यावर फोन लावा ना.”

“तीनदा लावला, ताई. नुसता वाजतोय.”

पोरीच्या ओठांवर निळसर झाक आली होती. तिने अण्णांना फोन केला; अडकलेली ओळ ऑफिसातून त्यांना सोडवता यायची.

“अण्णा, हॉस्पिटलमधली नऊ नंबरच्या खाटेची ओळ अडकलीय. सोडवा.”

“कळलं ना आता चहाचं महत्त्व?” ते हसले. मग तिचा श्वास ऐकून थांबले. “पण कोण धरून बसलंय, ते विचारलंस का?”

“कुणी नाहीये हो तिथे! फोनसुद्धा उचलत नाहीत. अण्णा, माझी पोर आहे.”

पलीकडे कीबोर्ड खडखडला. “घे. सोडली.”

“सुटली, सुटली!” बाईने घाईने बटण दाबलं. परत दाबलं. मग तिचा हात तसाच राहिला.

“गेली, ताई. हॉस्पिटलच्याच शेजारच्या इमारतीतून कुणीतरी आपल्या आधीपासून रांगेत होतं. त्यांच्या पेशंटचं नाव चढलं.”

“काढा ना ते!”

“चढलेलं नाव मी कसं काढू? तिथेही कुणाचं तरी लेकरूच असेल. दुसरीकडे न्या, लवकर.”

दुसरं हॉस्पिटल पाऊण तासावर होतं.  सासूबाईंनी नात दुपट्यात गुंडाळली.

तेवढ्यात जिन्याचं दार ढकलून मघाचे डॉक्टर धापा टाकत बाहेर आले.

“हुश्श, आहात अजून! नऊ नंबरला हिचंच नाव घालतोय, वर तिसऱ्या मजल्यावर ओळ उघडी ठेवूनच खाली पळत आलो. पोरीचं वजन किती, तेवढं सांगा.”