नव्वद मिलिलिटर

दोन तास झाले तरी राजनंदिनीला लघवी होत नव्हती.

दुपारी तिनं माजलगावात राज्य स्पर्धेची अंतिम कुस्ती मारली होती. आता उत्तेजक औषधांच्या चाचणीसाठी नव्वद मिलिलिटर लघवी द्यायची होती. ती दिल्याशिवाय सुवर्णपदक पक्कं होणार नव्हतं. वजनात बसायचं म्हणून या चोवीस वर्षांच्या पैलवान बाईनं दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नव्हतं.

"तीन बाटल्या ढोसल्या. जातंय कुठं समदं?"

"अंगातच," चाचणीच्या डॉक्टर यास्मिन म्हणाल्या. "पाणी कमी पडलं की मेंदू मूत्रपिंडांना बजावतो, सोडू नका, परत रक्तात ओढा. अंगाची तहान भागली की मगच ती सोडतील. आणि घटाघटा पिऊ नकोस. लघवी पाण्यासारखी पातळ झाली तर तीही चालत नाही."

"मुताचे बी लईच नखरे हायत की!"

मंजुषाबाईंच्या अंगावर शहारा आला. त्या जवळच्या शाळेत मराठी शिकवत. लघवी भांड्यात पडताना पाहायला डॉक्टरांखेरीज आणखी एक बाईमाणूस साक्षीला हवं म्हणून हेडमास्तरांनी त्यांना धाडलं होतं. शाळेच्या संडासात पाऊल टाकावं लागू नये म्हणून त्या दिवसभर घोटभर पाणीही पीत नसत.

अखेर राजनंदिनी उठली. बाई मागोमाग संडासात गेल्या. फरशीवर पिवळा थर, कोपऱ्यात कापसाचा भिजका बोळा, त्यावर माश्या. बाईंनी पदर नाकात कोंबला. राजनंदिनी भांडं धरून उकिडवी बसली. धारेचा आवाज सुरू झाला. बाईंनी डोळे गच्च मिटले.

बाहेर डॉक्टरांनी कागद पुढे केला. "अंगातून भांड्यात पडताना पाहिलंत?"

भांड्यात कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी फेसाळत होतं. बाईंनी पेन उचललं. पण खोट्या सहीचीही त्यांना किळसच होती.

"नाही. डोळे मिटले होते."

"मग हे बाद."

डॉक्टरांनी भांडं मोरीत उलटं केलं. राजनंदिनी बाईंकडे वळली.

"कावून मिटले, बाई? घाम बी माझ्याच अंगातला व्हता. त्याला तर समद्यांनी टाळ्या वाजवल्या."

मग चौथी बाटली उघडून ती घोट घोट पीत बसली.

ऊन उतरलं तेव्हा दोघी पुन्हा त्याच दारातून आत गेल्या. पाहायचं तर समोर वाकावंच लागत होतं. बाई वाकल्या. पहिल्या धारेचे शिंतोडे राजनंदिनीच्या दोन्ही हातांच्या बोटांवर उडाले आणि बाईंची मान आपोआप भिंतीकडे वळली.

राजनंदिनीनं भांडं हलू दिलं नाही. एक हात मोकळा करून त्याच्या ओल्या बोटांनी तिनं बाईंची हनुवटी धरली आणि तोंड खाली वळवलं.

"बघा."