दोरीशिवाय वाकलेलं धनुष्य

धामणीच्या लाकडाचं ते धनुष्य मी एकटीने तासलं, आधी कोयत्याने, मग काचेच्या तुकड्याने. शनिवारी शाळेच्या स्पर्धेत त्यानेच नेम मारणार, असं वर्गात सांगूनही टाकलं.

माझा भाऊ ज्युड रोज चिडवायचा, "जोविता, त्याच्यावर कपडे वाळत घाल!"

"घालते ना, तुझेच!"

काम झालं की दोरी उतरवायची, नाहीतर लाकूड वाकडंच राहतं. मी न विसरता उतरवायचे. तरी सोमवारी शाळेतून आले, तर धनुष्य दोरी चढवल्यासारखं वाकलेलं. आधी ज्युडवर ओरडले. मंगळवारी दोरी दप्तरात घालून शाळेतच नेली. परत आले, तर धनुष्य तसंच वाकलेलं, आणि दोरी माझ्या दप्तरात.

पप्पांचा चेहरा उतरला. "जाळून टाक, बाय. मी नवीन आणून देतो."

"अजिबात नाही! मी बनवलंय. माझं आहे."

मी ते उचललं. दोन टोकांच्या मध्ये नुसती हवा होती. तरी दोरी असते तिथे बोटं अडकवली आणि ओढलं. धनुष्य आणखी वाकलं. बाजूला उभं राहून हसणारा ज्युड मागे सरला.

"सोड ते!" पप्पा ओरडले.

"ज्याला हवंय त्याने समोर येऊन मागावं!" मी गालापर्यंत ओढलं. मग हात भरून आला आणि बोटं सुटली.

धनुष्य ताणलेलंच राहिलं.

डाव्या हातातली मूठ मी सोडली नाही. माझ्या गालाला गाल लावून कोणीतरी नेम धरत होतं.