भार टेकल्यावर

"झाला का शेवटचा बोल्ट?" वायनोनं विचारलं.

"होतोय. तू आधी ढगांकडे बघणं थांबव बाबा. तू बघितलंस की ते जास्त पळतात."

हेल्वी गाडीखाली उताणी पडली होती. बाहेर दिसत होते तेवढे तिचे बूट, आणि तेही एका जागी ठरत नव्हते. निळ्या म्हाताऱ्या गाडीचं तोंड दोन लोखंडी स्टँडवर उचललेलं, पुढची दोन्ही चाकं शेडच्या भिंतीला टेकवलेली. सरोवरावरून काळं आभाळ सरकत येत होतं. तीनच्या आत निघायचं, बर्फ धरायच्या आत मोठा रस्ता गाठायचा, उद्या मिनियापोलिसच्या इस्पितळात पहिली पाळी. सकाळपासून हे तिनं चारदा सांगितलं होतं. पायाला भिंगरी आणि पाठ जमिनीला, अशी तिची गत.

गावातल्या गॅरेजवाल्यानं पुढच्या चाकांना धरणारे लोखंडी आर्म आणि त्यांतले झिजलेले रबरी बुश बदलायचा जो खर्च सांगितला, तो ऐकून वायनो म्हणाला होता, "त्यापेक्षा गाडीला सन्मानानं पुरून टाकू." मग टपालानं स्वस्तातले नवे आर्म मागवले, बुश आधीच बसवलेले. रस्त्यावरच्या मिठानं गंजलेल्या बोल्टांना दोन दिवस तेल पाजलं. वायनोचा उजवा खांदा कामातून गेलेला. त्यानं पाने द्यायचे आणि शिव्या घालायच्या, हेल्वीनं आवळायचं, असं ठरलं होतं.

कट्. बोल्ट पुरेसा आवळला की वाजणाऱ्या टॉर्क पान्यानं शेवटची कबुली दिली.

वायनोनं वाकून पाहिलं. आर्म खाली लोंबत होता. दुसऱ्या बाजूचाही तसाच. आणि चारही बोल्ट घट्ट.

आता बोलायला हवं होतं.

चाक अधांतरी असताना बुश जखडला, की गाडी खाली टेकताक्षणी आतलं रबर पिळलं जातं. रोज थोडं थोडं पिळत जातं आणि एक दिवस फाटतं. बर्फ वितळायच्या सुमाराला फाटेल. शहरातल्या गॅरेजचा खर्च हेल्वीला झेपायचा नाही. ती इथंच येईल. पुन्हा बोल्टांना दोन दिवस तेल, शनिवारी सौनाची वाफ, आणि संध्याकाळी ती परतताना टपालपेटीजवळच्या खड्ड्यात झिजल्या बुशचं ते खुट्ट. गेली दोन वर्षं ते खुट्ट ऐकूनच तो कॉफी चढवत आला होता.

त्यानं फडक्यानं पाना पुसला. मग पुसलेला पाना पुन्हा पुसला.

हेल्वी बाहेर आली. चाकं चढली, गाडी खाली उतरली. तिनं खोकी भरली, शिवणयंत्र भरलं, आजीची गोधडी मागच्या काचेपाशी कोंबली. एकदा घरात, एकदा बाहेर. किल्ली हरवली, खिशातच सापडली. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"पावणेचारशे मैल आहेत," ती हात पुसत म्हणाली. "चालेल ना बाबा? तू चालेल म्हणालास की मी वाटेत गाडीच्या आवाजाला एकदासुद्धा कान देणार नाही."

"चालेल," वायनो म्हणाला.

तिनं दार उघडलं.

"थांब. चारही बोल्ट सैल करायचेत."

"काय?"

"फळ्या आण. पुढच्या चाकांखाली दोन-दोन घालू. गाडी चाकांवरच उभी राहील, मला खाली शिरायला जागा होईल."

"वेड लागलंय का तुला? ते आभाळ बघ. आता कट् म्हणाला पाना, तू स्वतः ऐकलंस!"

"पान्याला काय कळतंय. गाडी लोंबत असताना आवळायचं नसतं. जे ओझं घेऊन चालायचंय ते आधी अंगावर टेकू द्यायचं, मग आवळायचं."

"मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"तोंडात पास्टी होती."

हेल्वीनं अवजारांच्या पेटीकडे पाहिलं. सकाळी तिनंच ठेवलेली खिमा-बटाट्याची पास्टी कागदात तशीच गुंडाळलेली होती, गार. कागदाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

ती फळ्या घेऊन आली.

"बस आत," वायनो म्हणाला. "सामानासकट. तुझंही वजन हवं."

"आणि तुझा खांदा?"

"खांदा माझा आहे. तू बस. ब्रेक दाबून धर."

तो कण्हत गाडीखाली सरकला. वर ती होती, तिची खोकी, तिचं यंत्र, तिची गोधडी. बोल्ट सैल होताच गाडीनं बारीकसा उसासा टाकला आणि नीट बसली. मग एकेक. कट्. मध्ये बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"बाबा?"

"जिवंत आहे. हलू नकोस."

कट्. कट्. कट्.

तीन वाजून पाच मिनिटांनी बर्फाचे पहिले कण उतरू लागले. हेल्वीनं काच खाली केली. वायनो डावा हात उजव्या खांद्यावर धरून उभा होता.

"पास्टी खा आधी," ती म्हणाली.

गाडी निघाली. वायनो श्वास धरून उभा राहिला. टपालपेटी आली. गाडीचं तोंड खड्ड्यात वाकलं, वर आलं आणि पुढं गेलं.

काहीच वाजलं नाही.

शेडच्या भिंतीशी जुने आर्म पडले होते, त्यांवर बर्फ धरू लागला होता. त्यानं एक उचलला, बर्फ झटकला, कानाशी नेला आणि हलवला.

खुट्ट.