चालकाची जागा

घाट सुरू झाला तशी सात जणांची ती मोठी गाडी आपणहून मऊ झाली. "मधल्या सीटवरचा मणका नाजूक आहे. वेग वीस," ती म्हणाली.

मणका कुमुदमावशींचा होता. आत बसलेल्यांतलं सर्वांत अशक्त शरीर हेरून या गाड्या आपल्या स्प्रिंगा सैल करत. मग खड्डे जाणवत नसत, पण वळणावर गाडी पाळण्यासारखी झुलायची, म्हणून ती वेगही आवरता घ्यायची. अशाने घाटाखाली मावशींच्या नातीच्या लग्नाचा मुहूर्त टळणार होता.

गाडी भाचा सतेज चालवत होता. तो चाचरत म्हणाला, "मावशी, तू इथल्या हॉटेलात थांबतेस का? लग्न लागलं की न्यायला येतो."

"म्हणजे अक्षता तुम्ही टाकणार आणि मी भजी खात बसणार?"

"मी तरी काय करू? गाडी ऐकत नाही."

"तुझा मणका मोजते का रे ती?"

"चालकाचा नाही मोजत. त्याला रस्ता कळायला हवा ना."

"मग घे बाजूला. माझं लायसन्स अजून चालू आहे."

"अगं, पाठीची वाट लागेल."

"पाठ माझी आहे. ऊठ."

मावशी चालकाच्या जागी बसल्या आणि गाडी ताठ झाली. पहिल्याच खड्ड्यात त्यांच्या कमरेतून कळ गेली, पण पुढचं वळण गाडीने जराही न झुलता घेतलं.

"दुखतंय का गं?" सतेजने विचारलं.

"दुखतंय," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी वेग वाढवला.