पाचवी ओळ

"ओळी मोजत जाऊ नकोस, पोरी. वरची एक निघाली की खालच्या सगळ्या सरकतात, नि आपण भलत्याच्याच दारात जाऊन उभे राहतो. क्रमांक विचार. ओळ कुठेही गेली तरी तिचा क्रमांक बदलत नाही."

हे सांगणारे जुने मुख्य कारकून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. तरी इस्पितळाच्या नोंदणीखात्यात संगणकासमोर बसलं की तिला त्यांचा आवाज ऐकू यायचा. आत्ताही आला, कारण वन्सं पडद्यावरच्या किडनीदात्यांच्या यादीला बोट लावून ओळीच मोजत होत्या.

"एक, दोन, तीन, चार, ही पाच. काल सही करायला आले तेव्हा पाचव्या ओळीत 'जुळतो' लिहिलं होतं. आज तिथंच 'रद्द'. साहेब, ही तुमची कारकूनबाई माझी भावजय लागते. हिनंच माझा किडनी देणारा उडवला."

वन्सं तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. दोन्ही किडन्या गेलेल्या, उद्या सकाळी शस्त्रक्रिया. वॉर्डातल्या ढगळ कपड्यांत, हाताला टोचलेल्या सलाईनच्या सुईसकट, भिंत धरधरून तीन जिने उतरून आल्या होत्या. चेहरा सुजला होता, जीभ मात्र ठणठणीत होती.

नवे साहेब महिन्यापूर्वीच आले होते. त्यांनी चष्मा काढला. "बाई, खरं का हे?"

"नाही."

"मग हिचं तोंड बघा ना! चहावर साय धरली, शिवली नाही अजून. पोटात पाप असलं की घोट उतरत नाही."

"आज उपास असतो का तुमचा?" साहेबांनी विचारलं.

"तसंच समजा." तिनं बाही खाली ओढली. कोपराच्या आतली चिकटपट्टी झाकली गेली.

"आणि टेबलाखालची ती पिशवी? दुपारपासून आठवडाभर रजा टाकलीय, माहेरी चाललीय म्हणे. चोराच्या मनात चांदणं!"

तिनं पिशवी पायानं आत सरकवली. ही बाई दोन मिनिटं गप्प बसली तर काय बिघडेल, असं तिच्या मनात आलं. अकरा वर्षं वन्संनी तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हा तिचा निरोप वन्संना पोचायला चार तास उशीर झाला, एवढंच निमित्त. भरल्या घरात त्यांनी बजावलं होतं, 'मेले तरी हिचं काही माझ्या अंगाला लागू देऊ नका.' ती ते विसरली नव्हती. क्षमा तिच्या रोजच्या प्रार्थनेत होती, मनात अजून यायची होती.

"आईचा हात हातात घेऊन शब्द दिला होतास ना?" वन्संचा आवाज चिरकला. "वन्संना मी बघेन म्हणून? बरी बघतेयस!"

"हे पाहा, भांडू नका," साहेब म्हणाले. त्यांनी माउस ओढून घेतला. "ती पाचवी ओळ मी पुन्हा चालू करून टाकतो. विषय संपला."

"हात लावू नका!"

ती एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या खोलीतलं बोलणं थांबलं.

"बघितलंत?" वन्सं हसल्या. "बघितलंत ना?"

तिनं आवाज खाली आणला. "साहेब, आज पाचवा दिसतोय तो माणूस काविळीनं आजारी आहे. त्याला चालू केलंत तर यादी त्याची किडनी कुणाला तरी देऊन बसेल. काल संध्याकाळी वरच्या एकानं नाव मागे घेतलं. त्याची ओळ निघाली, खालच्या सगळ्या एकेक घर वर चढल्या. वन्संनी जागा लक्षात ठेवली. ओळीला जागा नसते, साहेब."

"मग क्रमांकानं काढा."

तिची बोटं कळांवर थांबली. "मी नंतर वॉर्डात कळवते."

"नंतर का? घाम का फुटलाय?" वन्संनी विचारलं.

साहेबही आता तिच्याकडे रोखून पाहत होते. तिनं टाइप केलं. चार, एक, शून्य, नऊ.

"कागद न बघता?" साहेबांनी विचारलं.

"सवयीनं."

सगळी यादी पुसली गेली. पडद्यावर एकच ओळ उरली. रक्तगट जुळतो. तपासण्या पूर्ण. दाखल होण्याची वेळ आज बारा. स्थिती तयार. नावाच्या रकान्यावर काळी पट्टी.

वन्सं मटकन खुर्चीत बसल्या. त्यांनी त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"नाव उघडा," त्या म्हणाल्या. "मला त्याचे पाय धरायचेत."

"मलाही उघडता येत नाही. रोग्याला कधीच कळू नये, अशी देणाऱ्यानं अट घातलीय."

"आणि ऐन वेळी आलाच नाही तर?"

"येईल," ती म्हणाली.

"तुला कुणी विचारलं? देवमाणूस असणार कुणीतरी. नाहीतर आमच्या घरचे बघा." वन्सं टेबलाला रेटा देऊन उठल्या. दारात वळल्या. "जा, माहेरी जाऊन मस्त लोळ. परत येशील तेव्हा मी जिवंत असेन. तुझं नशीब फुटकं!"

चपला फरपटत गेल्याचा आवाज जिन्यापर्यंत येत राहिला.

पावणेबाराला तिनं संगणक बंद केला. गार चहा मोरीत ओतला, कप विसळून पालथा घातला. क्षणभर डोळे मिटून हात जोडले. मग पिशवी उचलली. फाटकाकडे न जाता ती मागच्या जिन्यानं, वन्संचा मजला ओलांडून, चौथ्या मजल्यावर गेली.

टेबलापाशी बसलेल्या नर्सनं वही उघडली. "नाव सांगू नका हं, इथं फक्त क्रमांक."

"चार, एक, शून्य, नऊ," ती म्हणाली.