पांढरी बट

केसांच्या रंगाचा ब्रश स्टीलच्या वाटीवर टकटक वाजला.

“बस पाटावर,” सासूबाई म्हणाल्या. “साखरपुड्याला दोन तास उरलेत. अशा पांढऱ्या बटेनं नवरीची ओटी भरलीस, तर लोक तुला माझी धाकटी बहीण समजतील!”

सुनीतीला तिशीतच कपाळाशी पांढरी बट आली होती. दोन वर्षं ती रंगवून झाली, पण त्या केसांवर रंग नीट चढतच नसे. काळ्यांपेक्षा जाड, राठ झालेले ते केस घट्ट वेणीतूनही निसटायचे आणि ताठ उभे राहायचे.

“आता नाही रंगवणार मी.”

“मग ओटी तुझ्या वन्सं भरतील.”

होणाऱ्या जावेच्या ओटीसाठी सुनीतीनं चार दुकानं हिंडून खण आणला होता. “भरू देत,” ती म्हणाली आणि तो खण सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला.

पाच वर्षांची लेक कंगव्यातले दोन केस चिमटीत धरून बसली होती. “आई, काळा बघ कसा वाकला! पांढरा उभाच.”

“रंग गेला ना, की कुणापुढे वाकावंसं वाटत नाही त्याला,” सुनीती हसली.

लेकीनं आजीच्या रंगानं माखलेल्या नखांकडे पाहिलं. “मग आजी का रंगवते? तिलापण कुणी ओटी भरू दिली नव्हती?”

वाटीत रंग ढवळणारा सासूबाईंचा ब्रश थांबला.